कोळसा खाणकामातील सदृशीकरण

भूमिगत खाणीतील कामाची संगणकावर प्रतिकृती मांडून, प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी त्याचे परिणाम अजमावण्याच्या तंत्रास सदृशीकरण किंवा सिम्युलेशन म्हणतात.

महाराष्ट्रातील दगडी कोळसा विदर्भाच्या पूर्व भागातील गोंडवनी खडकांत आढळतो. परभणी जिल्ह्यात गंगाखेड येथे गोदावरीचा काठ बेसाल्टाचा असल्याने तेथे कोळशाच्या खाणी नाहीत. याच नदीच्या खालच्या खोऱ्यात, तेलंगणात, सिंगरेणी हे मोठे कोळसाक्षेत्र आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे १८७०–८० या दशकात सुरू झालेली सरकारी खाण १९०६ मध्ये बंद पडली. पुढे बल्लारपूर व चंद्रपूर परिसरात खाणकाम वाढले. १९७३ मधील राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये नागपूर येथे वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड स्थापन झाली.

भारतातील भूमिगत खाणींत प्रामुख्याने कोळशाचे खांब राखून त्यांच्यामधून बोगदे काढण्याची पद्धत रूढ आहे. छिद्रे पाडणे, सुरुंग उडविणे, धूर निघून जाऊ देणे, छताला आधार देणे, कोळसा भरणे व वाहून नेणे ही कामे क्रमाने करावी लागतात. एक काम लांबले की पुढील यंत्रे व कामगार खोळंबतात. म्हणून केवळ सरासरी वेळांवरून काढलेला उत्पादनाचा अंदाज बहुधा फाजील ठरतो.

ही अडचण सोडविण्यास यादृच्छिक संख्यांवर आधारित मॉन्टे कार्लो पद्धती उपयोगी पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टॅनिस्लॉ उलाम व जॉन फोन नॉयमन यांनी ती विकसित केली. १९६१ मध्ये जेफ्री गॉर्डन यांनी रचलेल्या जीपीएसएस या भाषेमुळे रांगा व प्रतीक्षा यांचे गणित संगणकावर मांडणे सुलभ झाले. खाणीत नोंदविलेल्या वेळांची विभागणी घेऊन संगणक अनेक पाळ्या चालवून पाहतो. आणखी एक भरणयंत्र घेतल्यास उत्पादन वाढेल की वाहक पट्टाच अपुरा पडेल, हे त्यावरून खर्चाआधी कळते.

सदृशीकरणाचे मोल नोंदींच्या अचूकतेवर अवलंबून असते. छताचा खडक, पाण्याची गळती व वायू यांचे वर्तन अपुऱ्या नोंदींतून उमगत नाही. शिवाय आधार देण्यास लागणारा वेळ हा निव्वळ खोळंबा मानून प्रतिकृतीत कमी केला, तर कागदावर उत्पादन वाढते व प्रत्यक्षात कामगारांचा जीव धोक्यात येतो. त्यामुळे सुरक्षेसाठी लागणारा वेळ अपरिवर्तनीय धरून उरलेल्या वेळातच उत्पादकता शोधणे आवश्यक ठरते.