अठरा नंबरची कुळकथा

सलाईनसाठी हाताला लावलेल्या हिरव्या कॅन्युलाला वॉर्डात ‘अठरा नंबर’ म्हणतात, गुलाबीला ‘वीस’. नंबर वाढतो तशी नळी बारीक होते. हे उलटे गणित तार ओढणाऱ्यांचे आहे. पोलादी पट्टीतल्या एकाहून एक लहान भोकांतून तार जितक्या वेळा ओढावी, तितकी ती बारीक होते आणि तितका तिचा नंबर मोठा. सोनाराची जंत्री पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. इंग्लंडमध्ये या नंबरांना बर्मिंगहॅमचे आणि वॉरिंग्टनचे कानशी बनवणारे पीटर स्टब्ज यांचे नाव चिकटले. 1884 मध्ये ब्रिटनने तारांसाठी नवे गेज कायदेशीर केले. सुयांनी मात्र जुनेच धरून ठेवले.

तार भरीव असते, म्हणून तिची बाहेरची जाडी मोजली की काम भागते. नळीचे तसे नाही. द्रव वाहतो तो आतल्या पोकळीतून. 1950 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डेव्हिड मासा यांनी पोलादी सुईवर प्लास्टिकची नळी चढवली, आणि तिच्या भिंतीची जाडी हा प्रश्न नव्याने उभा राहिला. नंबर तोच, पण भिंत जाड असेल तर धार कमी.

किती कमी, याचा हिशेब मासा यांच्याही शंभरेक वर्षे आधीच झाला होता. केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते हे समजून घेण्यासाठी फ्रेंच डॉक्टर प्वाझ्यय यांनी 1838च्या सुमारास काचेच्या अतिबारीक नळ्यांतून पाणी सोडून पाहिले. नळीची लांबी दुप्पट केली की प्रवाह निम्मा होतो. व्यास दुप्पट केला तर मात्र तो सोळा पट वाढतो. जर्मन अभियंता हागेन यांनीही 1839 मध्ये स्वतंत्रपणे हाच नियम मांडला. मोठ्या कॅन्युलात प्रवाह खळबळतो, त्यामुळे तिथे हा नियम तंतोतंत लागू पडत नाही. प्रत्यक्ष मोजण्याला पर्याय उरत नाही तो इथे.

मोजण्याची रीत साधी. टाकीतली पातळी कायम ठेवायची, 22 अंश सेल्सिअसचे शुद्ध पाणी सुमारे एक मीटर उंचीच्या दाबाने सोडायचे आणि ठरावीक वेळात किती साठले ते पाहायचे. अठरा नंबरमधून मिनिटाला साधारण 90 मिलीलिटर पाणी जाते. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. पाकिटावरचा आकडा हाच. रक्त पाण्याहून तीन-चार पट दाट, त्यामुळे रक्ताची बाटली लावली की तो आकडा गाठला जात नाही.