कुर्ल्याची गाडी, भांडुपचा टायर आणि हवेचा आकडा

मुंबईच्या उपनगरांत मोटारधंद्याचे दोन मोठे कारखाने एकमेकांपासून काही किलोमीटरांवर उभे राहिले, आणि गाडीच्या टायरमध्ये नेमकी किती हवा असावी या प्रश्नाचा इथला इतिहास त्या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर घडला. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात होता. तेथे आधी अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी झाली, 1950च्या दशकात फियाट 1100 बनू लागली आणि पुढे त्याच कुळातील गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी पोहोचली. भांडुपचा कारखाना सिएट कंपनीचा. इटलीतील तुरिन येथे 1924 साली सुरू झालेल्या मूळ उद्योगाने 1958 साली टाटा समूहाच्या सहकार्याने मुंबईत टायरनिर्मितीसाठी कंपनी काढली, आणि 1982 साली ती आरपीजी समूहाकडे गेली. कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड अशी गावे ओवत ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, हा या दोन कारखान्यांना जोडणारा रस्ता होय.

गाडीचे वजन पेलते ती टायरमध्ये कोंडलेली हवा. रबर, दोरे आणि तारा त्या हवेला धरून ठेवतात आणि रस्त्यावर पकड देतात. हा दाब पीएसआय या एककात, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड जोर पडतो या हिशेबाने मोजला जातो, आणि म्हणूनच हवा भरणाऱ्याला ‘तीस पौंड’, ‘बत्तीस पौंड’ असे सांगण्याची रीत पडली. जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर व्यवहारात आणला, त्यानंतरच्या काळात मोटारींचे टायर अरुंद होते आणि त्यांत हवा बरीच जास्त भरावी लागे. 1923 साली फायरस्टोन कंपनीने रुंद ‘बलून’ टायर बाजारात आणला, तेव्हा कमी दाबावरही वजन पेलता येते हे सिद्ध झाले आणि प्रवास मऊ झाला.

कुर्ल्याच्या फियाटला 5.20-14 मापाचे टायर असत. यातील पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. हे टायर क्रॉसप्लाय पद्धतीचे होते, म्हणजे त्यांतील दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे टाकलेले असत, त्यामुळे टायरची बाजू ताठ राही आणि हवा कमी झाली की तो खाली दबलेला डोळ्यांना स्पष्ट दिसे. उपनगरांतील पंक्चरच्या दुकानांची सारी कारागिरी या दिसण्यावर उभी राहिली. यांतील बरीच दुकाने केरळातून आलेल्या माणसांनी थाटली. ट्यूब काढून पाण्याच्या टबात बुडवणे, बुडबुडा शोधणे, ठिगळ भाजून बसवणे आणि शेवटी अंगठ्याने दाबून हवेचा अंदाज घेणे हे त्यांचे हातचे काम होते. ऑटोरिक्षांना वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडेच, म्हणजे केवळ उपनगरांत, धावण्याची मुभा असल्याने या दुकानांना 4.00-8 मापाच्या छोट्या टायरांचे अखंड काम मिळाले. मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रक थांबत, तेव्हा चालक लोखंडी सळईने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखत. जोडचाकांतील एखादा टायर पूर्ण बसला असेल तर ही परीक्षा त्याला पकडते. चार-सहा पौंडांची तूट मात्र तिला सापडत नाही. या कारागिरीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्या टायरांसाठी ती घडली त्यांना ती पुष्कळशी लागू पडत होती.

तिचा पाया रेडियल टायरने काढून घेतला. मिशेलिनने 1946 साली पेटंट घेतलेल्या या रचनेत दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे सरळ जातात आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा असतो. बाजू लवचीक असल्यामुळे योग्य हवेचा रेडियलही तळाशी थोडा फुगलेला दिसतो. परिणामी जुन्या नजरेला तो बसलेला वाटतो आणि जास्त हवा भरली जाते, अथवा खरोखर कमी हवा असलेला टायर ठीक वाटतो. जास्त हवेने टायर मधोमध झिजतो आणि खड्ड्याचा धक्का थेट आत पोहोचतो. कमी हवेने दोन्ही कडा झिजतात आणि बाजू सतत वाकल्यामुळे टायर आतून तापत जातो. वेगात टायर फुटण्यामागे हे एक मोठे कारण असते.

यापेक्षाही गंभीर गैरसमज आकड्याचा आहे. टायरच्या बाजूवर दाबाचा आकडा कोरलेला असेल, तर तो सहसा कमाल मर्यादेचा असतो. गाडीसाठीचा योग्य आकडा मात्र गाडीचा निर्माता ठरवतो आणि तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत छापतो, कारण पुढच्या-मागच्या आसावर किती भार पडतो आणि त्या मापाचा टायर कोणत्या दाबावर किती भार पेलतो, यांची सांगड त्यालाच घालावी लागते. गाडीचा आणि टायरचा निर्माता यांच्यात एकमत नसेल तर काय होते, हे अमेरिकेत 2000 साली दिसले: एक्सप्लोरर गाडीसाठी फोर्डने 26 पीएसआय सुचवला होता, फायरस्टोनने 30चा आग्रह धरला, आणि प्राणघातक अपघातांनंतर सुमारे 65 लाख टायर परत मागवावे लागले. त्याच वर्षीच्या कायद्यातून तेथे नव्या गाड्यांत दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची होण्याची वाट निघाली.

नवे टायर बसवताना हा सारा इतिहास दुकानात एकत्र येतो. ट्यूबलेस टायरची कड रिमच्या खाचेत घट्ट बसावी म्हणून कारागीर आधी नेहमीपेक्षा जास्त हवा भरतो, आणि ती पट्टीवरील आकड्यापर्यंत उतरवण्याचे राहून गेले तर गाडी तशीच रस्त्यावर येते. नव्या टायरचे माप मूळचेच असेल, तर पट्टीवरील आकडा तसाच लागू होतो; टायर नवे आहेत एवढ्यासाठी दोन-चार पौंड वाढवण्याला आधार नाही. माप बदलले असेल तर नव्या टायरचा भारांक, म्हणजे तो किती वजन पेलू शकतो हे सांगणारा संकेतांक, पाहून दाब नव्याने ठरवावा लागतो. मोजणी टायर थंड असताना, म्हणजे गाडी साधारण तीन तास उभी राहिल्यावर करायची असते, कारण तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे एक पौंड चढतो. अंधेरीहून बोरिवलीपर्यंत भर दुपारी द्रुतगती मार्गाने आलेल्या गाडीचा वाढलेला दाब पाहून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर कमी हवेचा भरतो. उपनगरांतील असंख्य गाड्यांत नंतर सीएनजीची टाकी बसवली गेली आहे आणि तिचे वजन कायमचे मागच्या चाकांवर पडते. अशा गाडीच्या मागच्या टायरांसाठी पट्टीवरील पूर्ण भाराचा आकडा पाहणे अधिक योग्य ठरते.