छोट्या मैदानावरचा मोठा पराक्रम खरा मानायचा का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांचे इअरफोन एसटीत हरवलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे जरा पसरट झालं, ते इथं थोडं आवरून घेतलंय.

आजचा प्रश्न गोल्फमधून आलाय. घाबरू नका, गोल्फ येत नसला तरी चालेल. आपल्या जिल्ह्यात गोल्फ म्हटलं की बहुतेकांना टीव्हीच आठवतो. शेजारच्या नाशिकचं 'गोल्फ क्लब मैदान' तुम्ही ऐकलं असेल. इंग्रजांच्या काळातलं ते नाव अजून लोकांच्या तोंडी आहे, पण तिथं आज रणजीचे सामने होतात आणि मैदानाचं अधिकृत नाव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. म्हणजे गोल्फचं क्रिकेट आपल्याकडे आधीच झालंय. आजच्या भागातही तेच होणार आहे.

तर प्रश्न असा. गोल्फमध्ये पहिल्याच फटक्यात चेंडू थेट खळग्यात गेला की त्याला होल-इन-वन म्हणतात. हौशी खेळाडूच्या बाबतीत ही शक्यता साडेबारा हजारांत एक, असा आकडा नेहमी सांगितला जातो. कित्येक जण आयुष्यभर खेळतात आणि त्यांच्या वाट्याला तो एकदाही येत नाही. पण काही मैदानं मुद्दाम छोटी केलेली असतात. खळगे जवळजवळ असतात, कुठं साठ यार्डांवर, कुठं नव्वद. तिथं होल-इन-वन झाला, तर त्याचं समाधान तेवढंच असतं का? की मनात कुठंतरी टोचत राहतं, 'छोट्यावर मारला रे'?

आता गोल्फ बाजूला ठेवा आणि नगरकडे बघा. नगर काय, श्रीरामपूर काय, संगमनेर काय, जिथं तिथं जाळीतले टर्फ उभे राहिलेत. रात्री लाइट लावून बॉक्स क्रिकेट चालतं. तिथं एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारणारा पोरगा स्टेटस टाकतो आणि खाली कुणीतरी लिहितंच, 'भावा, टर्फ आहे ते, वाडिया पार्कला मारून दाखव.' प्रश्न तोच आहे. आणि इतिहासात तो बऱ्याच वेळा विचारला गेलाय.

पूर्ण मैदान ठरवलं कुणी?

आज आपण म्हणतो की खरा गोल्फ अठरा खळग्यांचा. पण हा आकडा काही दगडावर कोरून आलेला नाही. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज हे गोल्फचं पंढरपूर. तिथं एका फेरीत बावीस खळगे धरले जायचे. 1764 मध्ये काही खळगे एकत्र केले आणि फेरी अठराची झाली. हळूहळू जगानं तोच आकडा उचलला.

गंमत पुढे आहे. 1860 मध्ये ओपन ही जगातली सगळ्यात जुनी मोठी गोल्फ स्पर्धा सुरू झाली, ती प्रेस्टविक नावाच्या मैदानावर. त्या मैदानाला खळगे होते बारा. खेळाडू तीन फेऱ्या मारून छत्तीसचा हिशेब पुरा करायचे. याच बारा खळग्यांच्या मैदानावर 1860 च्या दशकाच्या शेवटी टॉम मॉरिस नावाच्या कोवळ्या पोरानं एका फटक्यात चेंडू खळग्यात घातला. मोठ्या स्पर्धेतला नोंद झालेला पहिला होल-इन-वन तो हाच. आजच्या मोजमापानं ते मैदान अपुरंच. पण त्या पराक्रमाला कुणी 'छोट्यावरचा' म्हणत नाही. कारण त्या दिवशी तिथं खेळणाऱ्या सगळ्यांसाठी तेच पूर्ण मैदान होतं.

आता याच्या अगदी उलट टोक बघा, जपानचं. तिथं होल-इन-वन मारणाऱ्यानं सोबत्यांना पार्टी द्यायची, भेटवस्तू वाटायच्या, अशी प्रथा आहे. खर्च एवढा वाढतो की लोक चक्क होल-इन-वनचा विमा काढतात! मग विमा कंपन्यांनी अटी घातल्या. साधारण अट अशी की नऊ खळग्यांचं प्रमाण किमान पस्तीस फटक्यांचं असलं पाहिजे, वर साक्षीदारही पाहिजे. छोट्या मैदानावर नऊ खळग्यांचं प्रमाण भरतं सत्तावीस. म्हणजे पैसे नाहीत.

आनंदाचा हिशेब तुमचा तुम्ही ठेवा, पावती मात्र आम्ही ठरवू, असंच कंपनी म्हणतेय. हा फरक लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

क्लिफ्टनचा पोरगा आणि दोन धावांची भिंत

आता क्रिकेट. जून 1899, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातलं क्लिफ्टन कॉलेज. शाळेतल्याच दोन हाउसमधला सामना, ज्याला कुणी फारसं विचारणार नाही असा. फलंदाज आर्थर कॉलिन्स, वय तेरा. जन्म आपल्याच देशातला, हजारीबागचा. तो बॅटिंगला उतरला आणि चार दिवसांत थोडं थोडं करून नाबाद 628 वर पोहोचला. संघाच्या झाल्या 836. समोरचा संघ 87 आणि 61 वर आटोपला. बॉलिंगमध्ये अकरा विकेटही कॉलिन्सनंच काढल्या. पुढची एकशे सोळा वर्षं तो आकडा कुणाला हलवता आला नाही.

पण मैदान? वेडंवाकडं. एका बाजूची हद्द अगदी जवळ, बाकी बाजूंना उतार, चेंडू गेला की घरंगळतच जायचा. म्हणून शाळेनं नियम केला होता. जवळच्या हद्दीला चेंडू लागला तर फक्त दोन धावा. उताराच्या बाजूला मारला तर पळा आणि काढा जेवढ्या निघतील तेवढ्या.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्या गल्लीत हेच तर चालतं. भिंतीला डायरेक्ट लागला तर आऊट. एक टप्पा, एक हात, आऊट. काकूंच्या अंगणात गेला तर आऊट, आणि चेंडूही मारणाऱ्यानंच आणायचा. ही काही गंमत म्हणून केलेली कलमं नाहीत. मैदान छोटं आहे हे मान्य करून पोरांनी स्वतः घडवलेली ती मापं आहेत.

त्या नियमाचा परिणाम कॉलिन्सच्या आकड्यांत दिसतो. एक षटकार, चार वेळा पाच धावा, एकतीस चौकार, तेहतीस वेळा तीन धावा, सत्त्याऐंशी एकेरी आणि दुहेरी किती? एकशे शेहेचाळीस! मैदान छोटं होतं, पण त्याची किंमत आधीच वळती करून घेतली होती.

कॉलिन्स पुढे सैन्यात गेला. प्रथम श्रेणीचा एकही सामना तो खेळला नाही. 11 नोव्हेंबर 1914 रोजी पहिल्या महायुद्धात ईप्रच्या लढाईत तो मारला गेला, वय एकोणतीस.

कल्याणचे 1009

4 आणि 5 जानेवारी 2016. कल्याण. भंडारी चषकाचा शालेय सामना, के. सी. गांधी स्कूल विरुद्ध आर्य गुरुकुल. पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे, वडील रिक्षाचालक. पहिल्या दिवसअखेर नाबाद 652, म्हणजे कॉलिन्स मागे पडला. दुसऱ्या दिवशी नाबाद 1009. संघाची धावसंख्या 3 बाद 1465. त्या दोन दिवसांत जगभरचे कॅमेरे कल्याणला वळले.

आणि लगेच दुसरी बाजूही आली. मैदानाची एक सीमा फार जवळ होती. समोरच्या संघात कच्ची, अननुभवी पोरं होती. ती 31 आणि 52 धावांत बाद झाली. प्रणवच्या 1009 पैकी 129 चौकार आणि 59 षटकार, म्हणजे 870 धावा नुसत्या सीमापार. इथं जवळच्या सीमेला दोनच धावा, असा नियम नव्हता.

म्हणून ते 1009 खोटे का? मला तसं वाटत नाही. एक पंधरा वर्षांचा मुलगा सव्वातीनशेच्या आसपास चेंडू एकाग्र राहिला. जवळच्या सीमेनं धावा वाढवल्या असतील, लक्ष नाही वाढवलं. पण त्याच्यावर पुढे जे लादलं गेलं, ते मला खटकतं. त्या दोन दिवसांच्या आनंदाचं लोकांनी भविष्य करून टाकलं. 'पुढचा सचिन' वगैरे. मुंबई क्रिकेट असोसिएशननं महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली, पाच वर्षांसाठी. हेतू चांगलाच होता. पण पुढे धावा आटल्या, आणि 2017 मध्ये त्याच्या वडिलांनी ती शिष्यवृत्ती थांबवा, असं स्वतःहून कळवलं. एका बापानं किती जड मनानं ते पत्र लिहिलं असेल, विचार करा.

छोट्या मैदानानं त्या पोराला फसवलं नाही. त्यानं दिलं ते खरंच दिलं. आपण त्याच्याकडे जे मागितलं, ते द्यायची त्या मैदानाची ताकदच नव्हती.

दहा धावा राहिल्या

लहान मैदान म्हणजे फक्त जवळची सीमा नव्हे. समोरचा संघ कमजोर असला तरी लोक हेच म्हणतात. त्याचं आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण भाऊसाहेब निंबाळकर.

डिसेंबर 1948, पूना क्लबचं मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे निंबाळकर नाबाद 443. कमल भांडारकरांबरोबरची भागीदारी 455 धावांची. महाराष्ट्र 4 बाद 826. तेव्हा ब्रॅडमनचा विश्वविक्रम होता नाबाद 452. आणखी दहा धावा, की विक्रम निंबाळकरांचा. तेवढ्यात तिसऱ्या दिवशीची जेवणाची सुट्टी झाली. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी पुढे खेळायचंच नाही असं ठरवलं आणि सामना सोडून दिला. संपलं.

बघा, आपण समजतो की कच्चा प्रतिस्पर्धी म्हणजे सोपा घास. इथं त्यानंच ताटावरून उठवलं. निंबाळकरांना कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही. पण रणजीतली सर्वोच्च खेळी आजही त्यांचीच. आणि 443 हा आकडा आठवला की मागोमाग त्या दहा धावाही आठवतात.

आपला श्रीरामपूरकर

शेवटी आपल्या जिल्ह्यात येऊ. झहीर खान, जन्म 1978, श्रीरामपूर. तिथून मुंबईला गेला, सुधीर नाईकांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये घडला. 311 कसोटी बळी, 2011 च्या विश्वचषकात 21 बळी. त्याचं मोठेपण सांगायला माझी गरज नाही.

पण मला त्याची एक बॅटिंग आवडते. डिसेंबर 2004, ढाका कसोटी. समोर बांगलादेश, ज्यांनी तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. म्हणजे आपल्या भाषेत छोटं मैदानच. झहीर अकराव्या क्रमांकावर आला. दुसऱ्या टोकाला सचिन, जो नाबाद 248 पर्यंत गेला. शेवटच्या विकेटसाठी दोघांनी 133 जोडल्या, त्यात झहीरच्या 75. अकराव्या क्रमांकावरच्या फलंदाजाचा तेव्हाचा तो विश्वविक्रम! 2012 मध्ये टिनो बेस्टनं तो मोडला, पुढच्याच वर्षी ॲश्टन ॲगर 98 पर्यंत गेला.

त्या 75 वरून झहीरला कुणी फलंदाज म्हटलं नाही. त्यानंही म्हणवून घेतलं नाही. पुढच्या सामन्यात त्याच्याकडून शतकाची मागणी झाली नाही. म्हणून ती खेळी आजही नुसती मजेची राहिली, तिचं ओझं झालं नाही. नशीबवान खेळी.

मग उत्तर काय?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. चेंडू बॅटच्या मधोमध लागल्यावर हाताला जे कळतं, ते मैदान किती मोठं आहे हे विचारत नाही. साठ यार्डांवरचा होल-इन-वन असो की टर्फवरचा सहावा सिक्स, त्या क्षणाचा आनंद पुरा असतो. सोबत खेळणाऱ्या सगळ्यांनी मापं आधी मान्य केलेली असतील, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण पावती ही वेगळी गोष्ट आहे. टर्फवरचे सहा सिक्स घेऊन जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेलात, तर तिथला माणूस जपानच्या विमा कंपनीसारखा विचारणारच, मैदान केवढं होतं? त्याचंही चुकत नाही. तो तुमचा आनंद तपासत नसतो, पुढचा अंदाज बांधत असतो. हे दोन हिशेब एकाच वहीत लिहिले, की एक तर आनंद नासतो, नाहीतर माणूस.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाच्या स्टेटसखाली 'टर्फ आहे ते' असं लिहायला बोट गेलं, तर जरा थांबा. त्यानं भारतीय संघात जागा मागितलेली नाही. त्यानं सहा सिक्स मारलेत, एवढंच तो सांगतोय. 'भारी!' म्हणा की.

आणि हो, तुमच्या गल्लीतला सगळ्यात अजब नियम कोणता होता? आम्हाला नक्की कळवा. निवडक नियम पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवू. तोवर खेळत राहा, ऐकत राहा. भेटू लवकरच!