कादंबरीचा चित्रपट होताना

कादंबरीवरील चित्रपट पाहून बाहेर पडलेला वाचक बहुधा एकच तक्रार करतो : पुस्तकातले बरेच गाळले. वास्तविक दोन-अडीच तासांच्या पटात गाळणे अटळच असते. खरा प्रश्न काय राखले, हा आहे.

जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ला (१९७९) अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांचा आधार होता. पटकथाकार विजय तेंडुलकर यांनी मुख्यमंत्री, महत्त्वाकांक्षी अर्थमंत्री, कामगारनेता यांची कथानके पत्रकार दिगू टिपणीस या पात्राभोवती गुंफली. निळू फुले यांनी साकारलेला हा दिगू सारे पाहतो आणि पाहता पाहता खचत जातो. कादंबऱ्यांचा विस्तार आटला. सत्तास्पर्धेची धग मात्र कायम राहिली.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’पुढील अडचण निराळी होती. आणीबाणीच्या काळातील ही कथा नववीतला मुकुंद जोशी स्वतः सांगतो आणि तिची खरी गोडी त्याच्या स्वगतात आहे. सुजय डहाके यांचा चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला २०११ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पहिल्या प्रेमातील संकोच त्याने नजरांतून नेमका टिपला. मुकुंदाचा मिश्कीलपणा मात्र पुस्तकातच अधिक भेटतो.

तात्पर्य, प्रसंग गाळले तरी चालते. कथेकडे पाहणारी नजर हरवून चालत नाही.