मणके जोडण्याच्या ऑपरेशननंतरच्या रात्री

आपल्या समाजात सत्तरी ओलांडलेली आणि मणक्याचे ऑपरेशन झालेली मंडळी आता बरीच भेटतात. ऑपरेशनबद्दल सगळे बोलतात, खर्चाबद्दल तर जास्तच. पण घरी आल्यावरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांतल्या रात्री कशा काढायच्या, हे कोणी सांगत नाही. मी त्या रात्री सिंगापूरला, बुकित तिमाहमध्ये मुलाच्या घरी काढल्या. तेव्हा जे विचारून घेतले आणि जे उपयोगी पडले ते इथे लिहितो. गोळ्यांचे प्रमाण मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरकडूनच घ्यावे.

आधी हे ऑपरेशन म्हणजे काय ते बघू. दोन किंवा अधिक मणक्यांमधली हालचाल कायमची बंद करण्यासाठी त्यांच्यामध्ये हाडाचे तुकडे घालतात आणि ते हलू नयेत म्हणून टायटॅनियमचे स्क्रू व सळ्या बसवतात. ही कल्पना जुनी आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि आल्बी या दोन सर्जननी वेगवेगळे राहून अशी ऑपरेशने केली, तीही मुख्यतः मणक्याच्या क्षयासाठी. तेव्हा रोग्याला कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये पाठीवर पडून राहावे लागे. आता दुसऱ्याच दिवशी उभे करतात. त्यामुळे घरच्यांना वाटते की काम झाले, माणूस बरा झाला. पण स्क्रू फक्त आधार देतात. हाड एकजीव व्हायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते. त्यात सुरुवातीच्या आठवड्यांत रात्री झोप लागली नाही तर ऑपरेशन फसले असे समजू नका. बहुतेकांचे असेच होते.

रात्रीच दुखणे का वाढते? दिवसा माणसे येतात-जातात, लक्ष दुसरीकडे असते. रात्री लक्ष पाठीवरच. एकाच कुशीवर पडून स्नायू आखडतात, आणि संध्याकाळी घेतलेल्या गोळीचा असर मध्यरात्रीनंतर उतरतो. शिवाय झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी तेवढेच दुखणे जास्त लागते, म्हणून रात्री पुन्हा झोप नाही. हे चक्र तोडायचे तर रात्रीची तयारी दिवसाच करावी लागते.

गोळ्यांचे थोडे सविस्तर सांगतो, कारण गडबड इथेच होते. आपल्या लोकांना सोसण्याचा अभिमान आहे. "अगदीच सहन होईना तेव्हा घेईन" असे म्हणून थांबतात. पहिल्या आठवड्यांत ते चालत नाही. दुखणे एकदा चढले की उतरवायला जास्त औषध लागते, म्हणून डॉक्टरने वेळा ठरवून दिल्या असतील तर घड्याळ बघून घ्या. शेवटचा डोस झोपण्याच्या वेळेला जुळेल असा करता येईल का, आणि मध्यरात्रीनंतर एक घेता येईल का, हे डिस्चार्जच्या आधीच विचारून कागदावर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट नावांची. इथे दुकानात पॅनाडॉल मिळते, मुंबईहून येणारा पाहुणा क्रोसिन किंवा डोलो घेऊन येतो, आणि सर्दीच्या गोळीतही पुष्कळदा तेच असते. या सगळ्यांत एकच औषध, पॅरासिटामॉल. चोवीस तासांत सगळे मिळून चार ग्रॅमच्या वर जायचे नाही, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर डॉक्टर त्याहून कमी सांगतात. ब्रूफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घरात पडलेल्या असतात, त्या आपल्या मनाने घेऊ नका. त्या पोटाला व मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, आणि हाड जुळण्यात अडथळा नको म्हणून काही सर्जन त्या टाळायला सांगतात. सिगारेटने हाड जुळायला अडचण येते हे तर ठरलेलेच आहे.

आणि झोपेची गोळी. ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीचे वेदनाशामक चालू असताना त्यावर झोपेची गोळी घेतली तर श्वास मंद होऊ शकतो. घोरणाऱ्यांना, झोपेत श्वास अडकणाऱ्यांना धोका अधिक. ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी "साधी" म्हणून घेतात, तीही वृद्धांत गोंधळ आणि तोल जाणे वाढवते. वाईनही नको. आपल्याकडे किद्दुशला काळ्या मनुकांचे शरबत असतेच, तेच करा. मनुका पोटालाही बऱ्या. या तेज वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होते आणि कुंथताना पाठीत कळ येते, म्हणून इसबगोल किंवा डॉक्टरचे रेचक पहिल्या दिवसापासून, पाणी भरपूर. ऑपरेशन पेसाखच्या आधी झाले असेल तर मात्सा खाताना हे विशेष लक्षात ठेवा.

मुंबईहून औषधे मागवणाऱ्यांनी एक बघावे. काही गोळ्या, त्यात झोपेच्याही आल्या, इथल्या हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीची परवानगी आधी घेतल्याशिवाय सिंगापुरात आणता येत नाहीत. पाहुण्याच्या पिशवीत त्या टाकू नका.

आता बिछाना. उताणे झोपलात तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपलात तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी. पालथे झोपणे बंद. कूस बदलताना खांदे आणि कंबर एकदम, लाकडाचा ओंडका गडगडतो तसे फिरायचे. उठतानाही आधी कुशीवर, मग पाय खाली आणि हाताने रेटा देत वर. कमरेत पीळ पडता कामा नये. हे घरच्या माणसांना आणि हेल्परला फिजिओथेरपिस्टसमोरच शिकवून घ्या, कारण प्रेमाने हात धरून ओढणारा माणूस सगळ्यात जास्त दुखवतो. फार मऊ गादी नको. जमिनीवरची गादी तर नकोच, तिच्यावरून उठता येत नाही. कमोडवर उंच सीट बसवली तर रात्रीचा अर्धा त्रास कमी होतो. बिछान्यापासून संडासापर्यंत दिवा, वाट मोकळी, पायात घट्ट चपला. रात्री पडणे ही या दिवसांतली सगळ्यात मोठी भीती आहे.

झोप लागलीच नाही तर? वीस-एक मिनिटे पडून बघा, मग उठा आणि टेकायला पाठ असलेल्या खुर्चीत बसा. घड्याळाकडे बघू नका. बिछान्यात तळमळत राहिले की मन बिछान्यालाच घाबरायला लागते. अहश्वेरोश राजालासुद्धा एका रात्री झोप येईना, तेव्हा त्याने राज्याची बखर वाचायला लावली. निवड उत्तम होती. अशा वेळी कंटाळवाणेच वाचावे. मी तेहिल्लीम हळू आवाजात म्हणत असे, शब्द पाठ असल्यामुळे चष्मा लागत नाही.

इथे आणखी एक सोय आहे. सिंगापुरात रात्रीचे तीन वाजतात तेव्हा मुंबईत साडेबारा झालेले असतात, पण इस्राएलमध्ये रात्रीचे नऊ किंवा दहाच. अश्दोदला, लोदला, दिमोनाला आपली माणसे जागी असतात. मी आत्याच्या मुलीला फोन करायचो. पडद्याचा उजेड नको म्हणून व्हिडिओ नाही, नुसता आवाज. शुक्रवारी रात्री अर्थात नाही.

शाब्बाथचे प्रश्न बरेच जण विचारतात. अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याने शाब्बाथला औषध घ्यायला हरकत नसते. गोळ्यांचा डबा शुक्रवारी दुपारीच भरून ठेवा आणि संडासाचा दिवा सूर्यास्ताआधीच लावून ठेवा. अमीदा बसून म्हणता येते, वाकायच्या जागी मान लववली तरी पुरते. किप्पूर जवळ आला असेल तर डॉक्टर आणि हझ्झान दोघांनाही आधी विचारा. उपासाने जिवाला धोका असेल तर खाणे हाच धर्म आहे.

दिवसाचे मुख्य औषध चालणे. पहिल्यांदा घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे, मग हळूहळू बाहेर. बुकित तिमाहची टेकडी जेमतेम १६४ मीटरची, पण तिचा रस्ता चढाचा, तो निदान काही महिने विसरा. त्याऐवजी जुन्या रेल्वेचा मार्ग आहे. मलेशियाला जाणारी गाडी २०११ मध्ये बंद झाली आणि रूळ काढून तिथे चालायची वाट केली. रेल्वेची जमीन म्हणून जवळपास सपाट. इथे वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्या उजेडात चालले की शरीराला रात्र-दिवस कळू लागतात. पाऊस पडून गेल्यावर मात्र नको. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काठी आणि खाली ओला पाला, हे बरे नव्हे. दुपारी झोप हवीच असेल तर अर्धा तास, तीनच्या आत. खुर्चीत सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये, आणि वाकणे, वजन उचलणे, पीळ देणे सर्जन सांगेपर्यंत बंद.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. वृद्ध माणूस ऑपरेशननंतर एखाद्या रात्री भलतेच बोलतो, खोलीत नसलेली माणसे बघतो. हे वेड नव्हे. भूल, औषधे, जागरण, जंतुसंसर्ग यांनी असे होते, बहुधा ओसरते, पण डॉक्टरला त्याच दिवशी कळवा. आणि लघवी अडली किंवा आपोआप झाली, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, पायातली शक्ती नव्याने गेली, ताप आला, जखम पाझरू लागली, एक पोटरी सुजून दुखू लागली, तर सकाळची वाट बघू नका. अचानक दम लागला किंवा माणूस उठवता उठेना तर थेट ९९५. मुंबईत १०८.

बरे वाटू लागले की पहिली इच्छा मलिद्याची. वॉटरलू स्ट्रीटवरच्या सिनेगॉगचे नाव मागेन अबोथ, आपल्या अलिबागच्या सिनेगॉगचेच नाव, त्यामुळे ते वाचले की खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबीचा टापा आठवतोच. नवस तिथला असेल तर सर्जनला सगळा प्रवास सांगून तारीख घ्या: मुंबईपर्यंत विमानात साडेपाच तास, मग मांडव्याची बोट, मग खड्ड्यांचा रस्ता. विमानात कडेची सीट, अर्ध्या तासाने उभे राहणे, आणि स्क्रूंबद्दल डॉक्टरची चिठ्ठी खिशात. तोवर मलिदा घरी करावा. पोहे, खोबरे, साखर, फळे सगळे इथे मिळते. ताट टेबलावर ठेवा आणि आजाऱ्याला खुर्ची द्या, जमिनीवर बसवू नका.