मुंबईच्या जुन्या चित्रपटांतील नामांतर व वर्णांतर

सनदा, महजर व पोथ्या जमविणाऱ्या वाचकांस चित्रपट हा विषय या पृष्ठांवर अस्थानीं वाटण्याचा संभव आहे. तथापि एखाद्या काळच्या लोकांच्या वंशविषयक कल्पना कशा होत्या हें ठरविण्याचीं जीं साधनें आहेत, त्यांत चित्रपटांच्या जाहिराती व गाण्यांच्या चोपड्या यांस स्थान दिल्यावांचून गत्यंतर नाहीं, असें आमचें मत झालें आहे. बखरकार ज्याच्या आज्ञेनें लिहितो त्याच्या आवडीचा ठसा बखरींत उमटतो. चित्रपटवाल्याचा धनी प्रेक्षक, इतकाच काय तो भेद. प्रस्तुत लेखांत आम्हीं एकच प्रश्न घेतला आहे: मुंबईच्या जुन्या चित्रपटांत भिन्न वंशांचीं माणसें कोणत्या रूपानें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे कोणत्या नांवानें, पडद्यावर आलीं?

प्रश्न नवा नाहीं. भरतमुनींनीं आहार्य अभिनयाच्या प्रकरणांत कोणत्या देशच्या पात्रास कोणता रंग लावावा हें स्पष्ट सांगितलें आहे. किरात, बर्बर, आंध्र, द्रविड, पुलिंद हे प्रायः काळे. शक, यवन, पह्लव, बाह्लिक हे गोरे. पांचाल, शौरसेन, मागध, अंग, वंग इत्यादि श्याम. भूमिकेच्या विचारांत त्यांनीं अनुरूपा, विरूपा व रूपानुसारिणी असे तीन प्रकारहि मानले आहेत. यांतील मर्म असें कीं, नट कोणत्याहि कुळींचा असो, वर्ण हा त्याच्या अंगावर चढवावयाचा लेप होता. रंगभूमीवरून उतरतांच तो धुऊन टाकावयाचा. कॅमेऱ्यानें या व्यवस्थेंत पालट केला.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला. तारामतीच्या भूमिकेकरितां स्त्री मिळेना. कलावंतिणींनींहि नकार दिला, तेव्हां ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांस लुगडें नेसविण्यांत आलें. पुढें १९१७ च्या ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ही शुद्ध रूपानुसारिणी. दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढें गोखले) या ‘मोहिनी भस्मासुरा’त आल्या हें खरें, पण तो अपवाद. कुलीन घरची स्त्री पडद्यावर येईना आणि पुरुषाची सीता लोकांस फार दिवस रुचेना, अशा पेंचांतून वाट निघाली ती यहुदी व अँग्लो-इंडियन मुलींच्या रूपानें.

आतां नांवें पाहावीं. ‘प्रेमसंन्यास’ (१९२५) या बुद्धचरित्रावरील चित्रपटांत गोपेचें काम करणारी सीतादेवी म्हणजे रेनी स्मिथ. मूकपटाची सर्वांत लोकप्रिय नटी सुलोचना म्हणजे पुण्यास १९०७ सालीं जन्मलेली रूबी मायर्स ही यहुदी स्त्री. चित्रपटांत येण्यापूर्वीं ती टेलिफोनच्या कचेरींत नोकरीस होती. मूकपटांत भाषा आड येत नसे. कथेच्या पाट्या दोन-तीन लिपींत छापलेल्या, बोलण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून नांव तेवढें बदललें कीं काम भागे. प्राचीनांनीं रंग लावला. या मंडळींनीं नांव लावलें.

सुलोचनेचा १९२७ चा ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ हा चित्रपट या दृष्टीनें अभ्यसनीय आहे. त्यांत तिनें आठ सोंगें घेतलीं: माळी, पोलीस शिपाई, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचें पोर, केळेवाली, आणि यांत सोनेरी केसांची युरोपियन बाईहि. म्हणजे यहुदी कुळांतील स्त्री, हिंदु नांव धारण केलेली, तिनें युरोपियन स्त्रीचें सोंग आणावें आणि प्रेक्षकांनीं ‘सुलोचना कशी हुबेहूब मड्डम झाली’ म्हणून टाळ्या वाजवाव्या! वेषांतरावर वेषांतर चढलें म्हणजे मूळ कोणतें हें विचारण्याची सोय उरत नाहीं. १९३१ सालीं ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलूं लागला, तेव्हां मात्र या नट्यांची अडचण झाली. सुलोचनेनें हिंदुस्थानीचा अभ्यास करून पुनरागमन केलें, हें तिच्या चिकाटीचें द्योतक होय. ‘अनारकली’ची भूमिका तिनें १९२८ च्या मूकपटांत केली, १९३५ च्या बोलपटांत केली, आणि १९५३ त गोरेगांवच्या फिल्मिस्तानच्या ‘अनारकली’त सलीमची माता जोधाबाई ती झाली. १९७३ चें फाळके पारितोषिक तिला मिळालें. १९८३ त ती वारली.

नामांतर केवळ यहुदी व युरेशियन स्त्रियांपुरतें नव्हतें. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या (स्थापना १९३४) संगीतकार सरस्वतीदेवी या पारशी. खरें नांव खुर्शीद होमजी. जातीच्या मंडळींच्या रोषामुळें त्यांनीं हिंदु नांव घेतलें. त्याच संस्थेचा ‘अछूत कन्या’ (१९३६) अस्पृश्यतेवरचा. त्याचा दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन व छायालेखक योझेफ विर्शिंग हे जर्मन, आणि अस्पृश्य कन्या झालेली देविकाराणी बंगालच्या उच्चकुलीन घराण्यांतील. १९३९ च्या युद्धारंभीं त्या जर्मनांस इंग्रज सरकारनें स्थानबद्ध केलें. अस्पृश्याची कथा सर्वांनीं सांगितली. अस्पृश्यानें सांगितल्याचा दाखला तेथें दिसत नाहीं.

नादिया मात्र निराळी. मेरी इव्हान्स, जन्म १९०८, ऑस्ट्रेलियांतील पर्थ गांवीं. वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’त (१९३५) ती राजकन्या माधुरी होऊन हातांत चाबूक घेऊन उभी राहिली. तिला काळ्या केसांचा टोप व हिंदु नांव देण्याचा बेत होता, तो तिनें मानला नाहीं, असें सांगतात. निळ्या डोळ्यांच्या या गोऱ्या स्त्रीस अन्यायी सत्तेविरुद्ध लढणारी देशी राजकन्या म्हणून लोकांनीं डोक्यावर घेतलें, आणि तेंहि इंग्रजी अंमलाच्या दिवसांत! येथें ‘कुलीन स्त्रिया मिळत नव्हत्या’ हें नेहमीचें उत्तर पुरत नाहीं. तें उत्तर अर्धेंच आहे. उरलेलें अर्धें आमच्या गोऱ्या कातडीच्या हौसेंत शोधिलें पाहिजे.

याची प्रचीति उलट बाजूनें येते. आमच्या दफ्तरांत हबशी कोण आहे? मलिकंबर आहे, ज्याच्या जमाबंदीचें नांव धाऱ्याच्या कागदांत त्याच्या मृत्यूनंतर (१६२६) पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिलें. जंजिऱ्याचा सिद्दी आहे, ज्याचा किल्ला शिवछत्रपतींस व संभाजीमहाराजांस हातीं आला नाहीं. १७३६ त चिमाजी अप्पांनीं मारलेला सिद्दी सात आहे. शत्रु असो वा मित्र, कागदांतील हबशी हा मुत्सद्दी, किल्लेदार, दर्यासारंग आहे. आम्हीं पाहिलेल्या जुन्या चित्रपटांत त्याचें काय झालें? दरबारांत पंखा किंवा भाला धरून मागें उभा राहणारा, अंगास काजळी फांसलेला एक मुका पुरुष. वाडियांच्याच ‘तूफानी टार्झन’मध्यें (१९३७) बोमन श्रॉफ या पारशी नटानें ‘दादा’ हें अर्धपशु माणसाचें पात्र रंगविलें. आणि इतक्या उशिरां म्हणजे १९८३ सालीं कमाल अमरोहींच्या ‘रझिया सुलतान’मध्यें जमालुद्दीन याकूत हा हबशी सरदार प्रतिष्ठेनें आला खरा, पण तो धर्मेंद्रांच्या मुखावर काळा रंग चढवूनच. मुंबईहून जंजिरा किती दूर? सिद्दी कुटुंबें कोंकणांत, गुजराथेंत व कारवार प्रांतांत आजहि राहतात. तेव्हां चित्रपटवाल्यांची रीति अशी दिसते: गोरा वर्ण माणसासकट मोलानें आणावयाचा, काळा वर्ण डबींतून काढावयाचा.

येथवर आल्यावर आमच्या ट्रॉम्बे बेटाकडे वळणें प्राप्त आहे. ट्रॉम्बे म्हटलें कीं हल्लीं लोकांस अणुभट्टी आठवते. परंतु याच जुन्या बेटाच्या वायव्य टोंकास चेंबूर आहे व तेथें राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ १९४८ पासून होता. त्या संस्थेच्या ‘बूट पॉलिश’मधील (१९५४) जॉन चाचा झालेले डेव्हिड हे बेने इस्रायल, आडनांव चेऊलकर. आडनांवच आपलें गांव सांगतें. अष्टागराच्या ‘शनवार तेल्यां’चे हे वंशज घरीं मराठी बोलत, आणि गेल्याच्या मागील शतकांत जुन्या करारांतील कथांवर मराठी कीर्तनें करीत, त्या कीर्तनांच्या छापील प्रती कोणाच्या संग्रहीं असतील तर त्या जपाव्या. डेव्हिड यांनीं आपलें पहिलें नांव बदललें नाहीं, परंतु पडद्यावर प्रसिद्धि मिळाली ती ख्रिस्ती चाचा म्हणून. चौलचें आडनांव श्रेयपाटीवर येत नसे.

‘श्री ४२०’मधील (१९५५) माया ही नादिरा; मूळची फ्लॉरेन्स इझिकिएल, बगदादी यहुदी. तीन वर्षांपूर्वीं ‘आन’मध्यें तीच राजपूत राजकन्या होती. आतां तिच्या हातीं सिगारेट आली आणि नायकास कुमार्गास लावणें हें तिचें काम झालें. साडी नेसलेली साधी शिक्षिका नर्गिस झाली. म्हणजे मूकपटांत जो चेहरा सीता व गोपा होऊं शकत होता, तोच स्वातंत्र्यानंतर परका ठरून मोहाचें रूप झाला. कुलीन स्त्रिया एव्हांना पडद्यावर आल्या होत्या हें याचें एक कारण. नव्या राष्ट्रास आपली नायिका निःसंशय आपलीच हवी होती, हें दुसरें. पुढें ‘जूली’त (१९७५) नादिरेनें अँग्लो-इंडियन घरांतील आई मार्गारेट उभी केली, आणि फिल्मफेअर पारितोषिक तिला मिळालें तें या भूमिकेबद्दल. नादिरा २००६ त मुंबईस वारली.

चेंबूरच्या त्या स्टुडिओस सप्टेंबर १९१७ नव्हे, तर परवांपरवांच्या २०१७ सालच्या सप्टेंबरांत आग लागली. वेष, दागिने व स्मृतिचिन्हें जळालीं. २०१९ त जागा इमारतींकरितां विकली गेली. मूकपटांपैकीं बहुतेक तर पूर्वींच नष्ट झाले आहेत; पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें १९६४ पासून राखलें तेवढें राखलें. उरलीं आहेत तीं मुख्यतः कागदाचीं साधनें: १९२७-२८ च्या सिनेमॅटोग्राफ समितीचे साक्षींचे खंड, भित्तिपत्रकें, आणि दोन-तीन लिपींत छापलेल्या गाण्यांच्या चोपड्या. या चोपड्या रद्दींत जातात, कारण पोथीवाल्यास त्या हलक्या वाटतात. ज्यांच्या संग्रहीं १९४० पूर्वींच्या चोपड्या असतील त्यांनीं निदान मुखपृष्ठ व पात्रांची यादी यांची नक्कल, नांवें जशीं छापलीं असतील तशींच ठेवून, मंडळाकडे पाठवावी. खालीं शाईनें कोणी खरें नांव लिहून ठेविलें असल्यास तें खोडूं नये.