पैसा कोणाचा, पास कोणाकडं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जिथं घसरलो तिथं थोडं नीट केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय घरचाच आहे. या पॉडकास्टसोबत दर रविवारी सकाळी तुम्हाला आपलं ईमेल पत्र येतं, म्हणजे न्यूजलेटर. २,३०० लोक ते घेतात. फुकट. त्याला परवा पहिल्यांदाच एक स्पॉन्सर मिळत होता. ताडोबाच्या बाजूचं एक रिसॉर्ट. बारा पत्रांचे १८,००० रुपये, प्रत्येक पत्रात वर चार ओळी आणि एक फोटो. चंद्रपूरहून भामरागडपर्यंत गाडी काढायची म्हणजे पेट्रोल किती लागतं ते मलाच ठाऊक. मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं.

मग फोन आला. बोलणं अगदी नम्र. "सर, ताडोबातून उठवलेल्या गावांवर भाग करणार आहात ना तुम्ही? तो आमचा सीझन संपल्यावर घेता येईल का बघा. आणि तसं काही असलं तर आधी आम्हाला एकदा दाखवत जा."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. आणि विचार करायचा म्हणजे मी जे करतो तेच केलं. जुने कागद काढून बसलो. मराठीत छापलेल्या शब्दाचा खर्च आजवर कोणी उचलला, आणि त्याबदल्यात काय मागितलं?

आधी हा धंदा चालतो कसा ते थोडक्यात. न्यूजलेटरच्या जाहिरातीचे दर दोन पद्धतींनी ठरतात. एक, एका पत्राला ठरावीक रक्कम. दुसरी, किती जणांनी पत्र उघडलं त्यावर दर हजारी. दुसरी पद्धत आता फारशी भरवशाची नाही. २०२१ मध्ये ॲपलनं आपल्या मेलमध्ये असा बदल केला की वाचकानं पत्र उघडलं नसलं तरी ते उघडल्यासारखं मोजलं जाऊ शकतं. म्हणून आपल्यासारख्या लहान पत्रानं ठरावीक रक्कम घ्यावी आणि दाखवायचेच तर क्लिक दाखवावेत. त्याच वर्षी भारतीय जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे एएससीआयनं, डिजिटल माध्यमात पैसे घेऊन केलेल्या मजकुरावर तसं स्पष्ट लिहावं, अशी नियमावली आणली. हे झालं तंत्र. आता इतिहास.

बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. आठ वर्षांत, १८४० मध्ये, ते बंद पडलं. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीला वर्षातून एकदा भरपूर जाहिराती मिळवून देणारा एक सणच सापडला. दिवाळी अंक आजही बऱ्याच अंशी जाहिरातींवर उभा राहतो. आपल्याकडं तर शुभेच्छांची पानंच्या पानं असतात, हात जोडलेल्या फोटोंसकट. छापखान्यातल्या एका काकाजींनी मला एकदा सांगितलं होतं, "भाऊ, ज्याची शुभेच्छा छापली, त्याची बातमी छापाले हात थरथरते." ते हसत म्हणाले होते. मी हसलो नव्हतो.

पण खरी गोष्ट १९२० सालची आहे. त्या एका वर्षात मराठीत दोन पत्रं निघाली आणि दोन्हींची तऱ्हा अगदी वेगळी.

पहिलं, 'किर्लोस्कर खबर'. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथं लोखंडी नांगर तयार होत. त्यांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, हे चित्रकार. कारखान्याची आणि मालाची खबर लोकांपर्यंत पोचावी म्हणून त्यांनी हे पत्र सुरू केलं. आजच्या भाषेत चक्क ब्रँडचं न्यूजलेटर! आणि गंमत बघा, ते जाहिरातपत्रक राहिलंच नाही. पुढं 'खबर' शब्द गळला, 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मधून आले. बायकांच्या प्रश्नांवर 'स्त्री'नं घराघरांत वाद लावून दिले. याच 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी नंतर १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' हे स्वतंत्र मासिक काढलं. म्हणजे कंपनीच्या पैशावर चाललं की ते पत्र विकलंच गेलं, असं सरसकट म्हणता येत नाही. नांगर विकणाऱ्यांनी विचार छापले.

दुसरं, 'मूकनायक'. ३१ जानेवारी १९२०. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते. पत्राला शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. पत्र निघतंय हे लोकांना कळावं म्हणून 'केसरी'कडं जाहिरात दिली. फुकट नव्हे, पैसे देऊन. 'केसरी'नं ती छापली नाही. बाबासाहेबांनी हे पुढं स्वतः लिहून ठेवलंय.

इथं मी थांबलो. कारण तोपर्यंत मी एकाच दिशेनं विचार करत होतो, की पैसे देणारा लिहिणाऱ्याला कसा वाकवतो. ही गोष्ट उलटी आहे. इथं पैसे देणारा हात पुढं करून उभा आहे आणि ज्याच्या हाती वाचक आहेत तो दार लावून घेतोय. म्हणजे जाहिरातीची जागा ही नुसती कमाई नाही, ती सत्ता आहे. कोणाला आत घ्यायचं हे ठरवण्याची सत्ता. ती माझ्याकडंही आहे, २,३०० पत्त्यांपुरती का होईना.

'मूकनायक' १९२३ पर्यंत टिकलं. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आलं, १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. पैशाची ओढाताण सुटली नाही, रकानेच्या रकाने स्वतः लिहावे लागले, पण पत्र पुन्हा पुन्हा निघालं. आणि १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी आपल्या चांद्यात दीक्षा दिली. तेव्हा इथं माणसांचा पूर लोटला. ज्यांचा आवाज पैसे देऊनही छापला जात नव्हता, त्यांना बोलवायला छत्तीस वर्षांनी कुणाच्या पानाची गरज उरली नव्हती.

आता आपल्या जंगलाकडं या. १९४५ मध्ये बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली. आपला बांबू गिरणीत जायचा, त्याचा कागद व्हायचा. बांबू आपला, पण तो कोणी तोडायचा, कोणी न्यायचा, काय भावानं, हे जंगलात राहणाऱ्याच्या हातात नव्हतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी घोडं अडलंच. बांबू बाहेर न्यायला वाहतूक पास लागतो, आणि पासाचं पुस्तक वनखात्याकडं! कागदावर मालक, नाक्यावर चोर. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मग गावानं बांबू विकला.

विकला, हे लक्षात घ्या. मेंढ्यानं बाजाराकडं पाठ फिरवली नाही. व्यापारी आले, पैसे आले. फरक एवढाच की किती तोडायचं आणि कोणाला द्यायचं हे ग्रामसभा ठरवू लागली. व्यापाऱ्याला बांबू मिळाला, जंगल मिळालं नाही.

मला माझं उत्तर तिथं सापडलं. मी रिसॉर्टला पत्र लिहिलं. जागा विकत घ्या, चार ओळी, फोटो, वर ठळक 'जाहिरात' असं लिहिलेलं. पैसे आगाऊ. वाचकांचे पत्ते कोणालाही मिळणार नाहीत. मजकूर आधी दाखवणार नाही, आणि कुठला भाग कधी येईल ते मी ठरवीन. तुमच्या जागी उद्या एखादा होमस्टेवाला किंवा मोहफुलाचे लाडू विकणारा बचत गट आला, तरी अटी ह्याच.

दोन दिवसांनी उत्तर आलं. या वर्षी बजेट नाही, पुढं बघू. तेही नम्रच.

खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. १८,००० रुपये माझ्यासाठी लहान रक्कम नाही. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मग आता पेट्रोल इतिहास भरनार काय?" तिचंही बरोबर आहे. म्हणून आजपासून पत्राच्या तळाशी जाहिरातीचा दर आणि वरच्या सगळ्या अटी उघड लिहून ठेवतोय. ज्यांना मान्य असतील त्यांनी यावं, दुकान लहान असलं तरी चालेल. आणि ज्यांना वर्षाची वर्गणी द्यायची असेल त्यांच्यासाठीही सोय केलीय. सक्ती नाही, पत्र फुकटच राहील.

ताडोबातून उठलेल्या गावांचा भाग ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी. बोटेझरीपासून सुरुवात करू. तुमच्यापैकी कोणाच्या घरच्यांना तिथलं जुनं काही आठवत असेल, तर शुक्रवारपर्यंत कळवा. येतो मग.